हिरेमठ अक्का आणि खाणीची गंगव्वा

"काही नाही" या दोन शब्दांवर हिरेमठ अक्कांचा कधीच विश्वास बसला नाही. एखाद्या गावात कुणी म्हणालं, "न्हाय ओ, आमाला काय तरास न्हाय," की अक्का पायातले कॅनव्हासचे बूट काढायच्या, इरकलीचा पदर खोचून ऐसपैस मांडी घालायच्या आणि म्हणायच्या, "बरं बरं. चहा टाका जरा." जीपमध्ये ताटकळत बसलेल्या आम्हा मंडळींना कळायचं, की आता दुपारच्या जेवणाचं काही खरं नाही. "काही नाही म्हणजे अजून सांगितलेलं नाही, एवढंच," असं त्यांचं ठाम मत होतं. पुढं पुढं ऑफिसात कुणाची बायको फोनवर "काही नाही" म्हणाली, तरी आम्ही एकमेकांकडं बघायला लागलो.

सोलापुरात सात रस्त्याला एका औषधाच्या दुकानावर आमचं ऑफिस. कुणाला कारखाना वाढवायचा असतो, कुणाला खाण आणखी खोल न्यायची असते. त्यानं आजूबाजूच्या हवेवर, पाण्यावर, माणसा-जनावरांवर काय परिणाम होईल याचा अहवाल सरकारला द्यावा लागतो. तो अहवाल आम्ही करतो. मी रसायनाचा माणूस. बाटलीत भरता येईल आणि प्रयोगशाळेत तपासता येईल तेवढ्यावरच माझा विश्वास. माणसांचं प्रकरण अक्कांकडं असायचं. गावात कोण राहतं, कशावर जगतं, त्यांचं काय जाणार आणि काय राहणार, हे सगळं त्या लिहायच्या. लिहायच्या म्हणजे काय, प्रत्येक शब्दावर वाद घालायच्या.

त्या मूळच्या अक्कलकोटच्या. घरात कन्नड, शाळेत मराठी, आणि सोलापुरात साळी मंडळींच्या शेजारात राहून बाजारहाट करण्यापुरतं तेलुगू. भांडण मात्र नेहमी शुद्ध मराठीत. "कन्नडमध्ये भांडले तर तुम्हाला कळणार नाही. मग भांडायची मजा काय?" असं वर ऐकवायच्या. ऑफिसातले सगळे त्यांना मॅडम म्हणायचे, मी तेवढा अक्का. त्या मला नावानं कधी हाक मारत नसत. माझ्या हातात कायम नमुन्याच्या बाटल्यांची पेटी, म्हणून मी "बाटलीवाले". गावात शिरल्यावर त्या माझी ओळखही तशीच करून द्यायच्या, "हे आमचे बाटलीवाले." गावातली काही पुरुष मंडळी लगेच आशेनं माझ्याजवळ सरकायची. पेटी उघडल्यावर त्यांचे चेहरे पडायचे आणि अक्का पदर तोंडाला लावून हसायच्या.

अहवालातल्या भाषेशी त्यांचं वैर होतं. "नगण्य" हा शब्द तर त्यांना दिसला की लाल पेन बाहेर. "नगण्य म्हणजे काय ओ? मोजण्यासारखं नाही. मोजलं होतं का कुणी?" मोजलं नसेल तर त्या शब्दावर फुली. मोजलं असेल तर, "मग आकडा लिहा की, लाजताय कशाला?" आमचे साहेब, कदम, कामाला चलाख आणि मनानं वाईट नाहीत, पण त्यांना सगळं काल व्हायला हवं असतं. "आटपा की मॅडम," हे त्यांचं दिवसातून अनेकदा म्हणायचं वाक्य. त्यावर अक्का डब्यातली शेंगाची चटणी आणि कडक भाकरीचा तुकडा त्यांच्यापुढं सरकवायच्या. भाकरी चावण्यात साहेबांचं तोंड अडकलं, की तेवढ्या वेळात अक्कांचं म्हणणं सांगून व्हायचं. ही युक्ती आहे हे साहेबांना कळत होतं. चटणी चांगली असायची म्हणून ते चालवून घ्यायचे.

सोन्याच्या खाणीचं काम आमच्याकडं आलं ते अक्कांमुळंच. एरवी आमचं सगळं काम साखर कारखान्यांचं. ही खाण अक्कलकोट ओलांडून पलीकडं, कर्नाटकात. तिचं आणि तिथल्या गावाचं नाव लिहीत नाही, आमच्या धंद्यात ते बरं दिसत नाही. गावात जाऊन कन्नडमध्ये बोलणारं माणूस खाणवाल्यांना हवं होतं, आणि तसं आमच्याकडं होतं. सोनं म्हटल्यावर ऑफिसात उगाचच उत्साह पसरला. अकाउंट्सच्या बाईंनी तर अक्कांना विचारलंसुद्धा, "मॅडम, आपल्याला जवळून बघायला मिळेल का हो?" अक्का म्हणाल्या, "ढिगानं दगड दळतात तेव्हा चिमूटभर निघतं. ते चिमूटभर खाणवाले ठेवतात. बाकीचा गाळ आपल्याला बघायचा आहे. येताय का?"

खाण जुनी होती. तिच्यात तीन बदल करायचे होते. दगड दळायला दुसरी गिरणी बसवायची. सोनं काढून घेतल्यावर उरणारा राखाडी गाळ जिथं साठवतात, त्या बंधाऱ्याची उंची वाढवायची. आणि तिसरा बदल पाण्याचा. खाणीच्या तळाशी सतत पाणी पाझरतं, ते उपसून बाहेर सोडलं जायचं. यापुढं ते बाहेर सोडायचं नाही, सगळं आतल्या आतच फिरवून वापरायचं. थेंबसुद्धा बाहेर नाही. कदम साहेब या तिसऱ्या बदलावर बेहद्द खूश होते. "नवीन खाण नाही मॅडम, फक्त बदल आहेत. आणि त्यातला एक तर आपल्याच फायद्याचा."

"सून येते तेव्हाही घर तेच असतं साहेब," अक्का म्हणाल्या. "भिंती त्याच, चूल तीच, सासूसुद्धा तीच. फक्त बदल."

पहिला मसुदा खाणीच्या मॅनेजरांपुढं गेला तेव्हा आमची चांगलीच फजिती झाली. अहवाल कोऱ्या कागदावरून कुणी सुरू करत नाही, जुना घेऊन त्यात फेरफार करतात. आमचा जुना म्हणजे साखर कारखान्याचा. मॅनेजर मूळचे मिरजेचे, मराठी चांगलं वाचणारे. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "इथं लिहिलंय, गळीत हंगामात धुळीचं प्रमाण वाढेल. आमचा गळीत हंगाम कधी असतो?" दगड भरडण्यालाही आमच्या माणसानं सगळीकडं गाळप लिहून ठेवलं होतं. कदम साहेबांचा चेहरा उतरला. अक्का मात्र शांतपणे म्हणाल्या, "सोलापूरचे आहोत ओ आम्ही. आमच्याकडं काहीही भरडलं की गाळपच म्हणतात. पुढच्या पानावर मळी लिहिली असेल, तीही खोडून घ्या." मॅनेजर हसले आणि चहा मागवला. नंतर खाणीत फिरायला म्हणून सुरक्षेचं हेल्मेट आणून दिलं, तर ते अक्कांच्या अंबाड्यावर वरच्या वरच तरंगत राहिलं. मॅनेजर काकुळतीला आले. अक्का त्यांच्या टकलाकडं बघून म्हणाल्या, "माझ्या डोक्यावर निदान अंबाडा आहे. तुम्ही जपा." पण शेवटी झाडाखाली उभं राहून त्यांनी अंबाडा सोडला, वेणी घातली आणि मगच आत आल्या. नियमाच्या बाबतीत त्या कडक होत्या.

गावाचं सर्वेक्षण आमच्या दुसऱ्या मंडळींनी आधीच करून आणलेलं होतं. प्रश्न होता, खाणीचं घाण पाणी गावात येतं का? घराघरातून उत्तर आलं होतं, नाही. त्याचा त्रास होतो का? नाही. कदम साहेब म्हणाले, "चला, हे बरं झालं. पाण्याचा प्रश्नच मिटला."

अक्कांनी ती पानं पुढून मागं आणि मागून पुढं चाळली. "अख्खं गाव एका सुरात नाही म्हणतंय? लग्नाच्या याद्या करताना पाच माणसांचं एकमत होत नाही. मी एकदा जाऊन येते."

"मॅडम, नाही म्हणजे नाही. आटपा की आता."

त्यावर भाकरी-चटणीचा डबा उघडला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का, मी आणि बाटल्यांची पेटी असे निघालो.

गावाच्या कडेला मालव्वाचं घर होतं. मालव्वा मेंढरंवाल्यांपैकी. कपाळभर कुंकू, हातात लोकर कातायची टकळी, आणि मेंढरांमागं सांगोला-मंगळवेढ्यापर्यंत येऊन येऊन कमावलेलं खणखणीत मराठी. अक्कांनी विचारलं, "कसं काय मालव्वा, पाण्याचं काय?" मालव्वा म्हणाली, "एनिल्ल." म्हणजे काही नाही. अक्कांनी बूट काढले.

मी पेटीवर बसून राहिलो. चहा झाला. अक्का पाण्याबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. लोकरीचा भाव, सुनेचं बाळंतपण, कुत्र्यानं धरलेलं कोकरू, असं सगळं झालं. दुसरा चहा झाला. मग लोकर एवढी स्वच्छ कशी निघते यावर बोलणं आलं, तेव्हा मालव्वा म्हणाली, "कातरायच्या आधी मेंढरं धुतोय की आमी. चांगली घासूनपुसून."

"कुठं धुता?"

"गंगव्वात."

"गंगव्वा कुठं आहे?"

"ती काय, तितं," म्हणत तिनं टकळी शेताच्या दिशेनं केली.

आम्ही तिच्या मागोमाग गेलो. बांध चढून वर आलो तर समोर भर उन्हाळ्यात टच्च भरलेलं तळं. बायका धुणं आपटत होत्या, म्हशी डुंबत होत्या, काठावर एक नीट राखलेला कोथिंबिरीचा वाफा. माझ्या नकाशात या जागेवर "पावसाळी तळं" असं लिहिलेलं होतं. तळ्याच्या वरच्या अंगाला एक जाड लोखंडी पाइप जमिनीतून बाहेर आलेला, आणि त्यातून हातभर जाडीची धार पडत होती. पाइपच्या तोंडाला हळदीकुंकवाचे थरावर थर. वर हिरव्या बांगड्या अडकवलेल्या, बाजूला सुकलेली विड्याची पानं आणि खणाचा तुकडा. पाइपच्या अंगावर पांढऱ्या रंगात खाणीचा क्रमांक होता, तोही निम्मा कुंकवाखाली गेलेला.

"ही आमची गंगव्वा, गंगामाई," मालव्वा म्हणाली. "दरसाल वटी भरतोय तिची. उन्हाळ्यात बी आटत न्हाय. माज्या सासूच्या येळंपास्नं हाय."

"हे पाणी खाणीतनं येतं ना?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडं कीव केल्यासारखं पाहिलं. "पानी जमिनीच्या पोटातनं येतंय. खाणवाले निस्ती वाट दावत्यात."

अक्का हसायला लागल्या. अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. आमच्या कागदावर जे घाण पाणी होतं, त्याची इथं ओटी भरली जात होती. घाण पाणी येतं का म्हणून विचारल्यावर गाव दुसरं काय सांगणार? एकही माणूस खोटं बोललं नव्हतं. हसता हसता अक्का एकदम थांबल्या आणि काठावरच्या धुण्याच्या दगडावर बसल्या. हळू आवाजात मला म्हणाल्या, "बाटलीवाले, थेंबसुद्धा बाहेर सोडणार नाहीत ओ ते. आपण त्याला फायदा लिहिलाय."

मी बाटल्या भरल्या. भरताना सहज मालव्वाला विचारलं, "हे पाणी पिता का?"

"प्यायला हापसा हाय की गावात. पन मेंढरांमागं असलं आन् ऊन लागलं, की घ्यायचं वंजळभर. पोरंबी घेत्यात. गंगव्वाचं पानी, त्येला काय हुतंय?"

अक्का माझ्याकडं बघत होत्या. मी बाटलीचं झाकण घट्ट केलं.

तपासणीत जे निघालं त्याचे आकडे इथं देत नाही. धुण्याला आणि मेंढरं घासायला पाणी चालण्यासारखं होतं. माणसांनी, विशेषतः मुलांनी, वरचेवर प्यावं असं मात्र ते नव्हतं. सोन्याच्या दगडाबरोबर जमिनीत आणखीही काही असतं, ते पाण्यात उतरतं. तो कागद मी अक्कांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला आणि लाल पेन बाजूला ठेवून पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.

अडचण सरळ होती. पाणी वाईट आहे एवढंच लिहिलं, तर खाण अभिमानानं ते बंद करणार आणि मालव्वाचं तळं कोरडं पडणार. तळं कोरडं पडेल एवढंच लिहिलं, तर पाणी चालू राहणार आणि पोरं ते पीत राहणार. कदम साहेबांनी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"मॅडम, पाणी बंद म्हणजे प्रदूषण बंद. पर्यावरणाचा फायदा आहे हा. पुस्तकात असंच लिहितात."

"पर्यावरणात मालव्वा येते का नाही, तेवढं सांगा."

साहेब अहवालाची पानं चाळायला लागले.

"का फक्त झाडं आणि पाखरं येतात?"

"येते," साहेब म्हणाले.

"मग दोन्ही लिहायचं. तळं त्या पाण्यावर जगतं हे, आणि ते पाणी पिण्याचं नाही हेही. आणि एकाच पानावर. पान उलटलं की माणूस आधीचं विसरतो. खाली उपाय लिहायचा. पाणी निवळवून, गाळून, स्वच्छ करून उन्हाळ्यात तळ्यात सोडा. आणि काठावर प्यायच्या पाण्याचा नळ द्या."

"खाणवाले ऐकतील?"

"ते नंतर. आधी आपण लिहू तर."

त्या दिवशी डब्यात चटणी नव्हती. तरीही साहेबांनी आटपा म्हटलं नाही. त्यांनी स्वतः मुदतवाढीचं पत्र लिहिलं आणि अहवालातलं ते पान अक्का म्हणतील तसं होऊ दिलं. त्यांच्या खात्यावर ही गोष्ट मी कायम जमेला धरत आलो आहे.

खरं अवघड काम राहिलंच होतं. अहवाल छापून लोकांपुढं जायच्या आत गावाला सांगायला हवं होतं. "कागदावरनं कळलं तर त्यांना वाटेल, चहा पिऊन गेली आणि चुगली केली," असं म्हणून अक्का पुन्हा निघाल्या. मीही गेलो. तळ्यावर बायका होत्याच. अक्कांनी आधी पाइपच्या तोंडाला हात लावून नमस्कार केला आणि मग सगळं सांगितलं. पाणी तपासलं, त्यात काय आहे, ते पोटात गेलं तर सावकाश काय होतं. कन्नडमध्ये सांगितलं, पण मला शब्दन् शब्द कळला, कारण बायकांच्या हातातली धुणी एकेक करून थांबत गेली.

मालव्वा भडकली. माझ्यासमोर मुद्दाम मराठीत म्हणाली, "आमच्या गंगव्वाला नाव ठिवतीस? माज्या घरचा चा पिऊन?"

"नाव नाही ठेवत. पाया पडायचं पाणी वेगळं आणि प्यायचं वेगळं, एवढंच सांगते. ओटी भरा, मेंढरं धुवा. पोरांच्या तोंडाला लावू नका."

"तू जा," मालव्वा म्हणाली आणि पाठ फिरवून मेंढरांकडं गेली. त्या दिवशी आम्हाला कुणी चहा विचारला नाही. जीपमध्ये अक्का बूट न काढता अवघडून बसल्या होत्या. वाटेवरचं तडवळ गाव मागं गेल्यावर म्हणाल्या, "खरं सांगून आलो, बरं केलं ना ओ?" मी म्हणालो, "केलं की." पण माझाही आवाज काही ठणठणीत नव्हता. मालव्वा आता खाणीच्या सुनावणीला येणार नाही आणि आलीच तर आमच्याविरुद्ध बोलेल, हे दोघांनाही दिसत होतं. आणि ती बोलली नाही तर त्या तळ्याच्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं. अहवाल आम्ही लिहितो, पण लोकांचं ऐकायचं ते सुनावणीत, आणि तिथं लोकच लागतात.

सुनावणीला मोठा मांडव घातला होता. जिल्ह्याचे अधिकारी, खाणीचे मॅनेजर, माइकचा खरखराट. तरुण मंडळी नोकऱ्यांबद्दल बोलली. सुरुंगानं भिंतींना तडे जातात, धूळ उडते, हेही झालं. तळ्याचं नाव कुणी काढेना. अक्का दारापाशी खुर्चीवर बसून नुसत्या वाटेकडं बघत होत्या. अधिकाऱ्यांनी, "आणखी कुणाला बोलायचं आहे?" असं विचारून कागद आवरायला घेतले आणि तेवढ्यात मांडवाच्या मागून मालव्वा आली. खांद्यावर घोंगडी, पायाला धूळ, मेंढरं बाहेर कुणाकडं तरी सोडलेली. माइक तिनं धरला नाही. तिच्या आवाजाला त्याची गरज नव्हती.

ती कन्नडमध्ये बोलली. अक्का माझ्या कानाशी मराठी करत होत्या.

"ही सोलापूरची बाई म्हणते, आमच्या गंगव्वाच्या पोटात काही झालंय. आम्हाला माहीत नव्हतं. पोरांना आता आम्ही पाजत नाही. पण ऐकलं की तुम्ही तिला बंद करणार. का? आजारी माणसाला कुणी घरातनं हाकलतं का? औषध द्या तिला. बरी करा आणि आमच्याकडं पाठवा."

मांडवात सगळे एकदम बोलायला लागले. अधिकाऱ्यांनी मॅनेजरांकडं पाहिलं. मॅनेजरांच्या हातात आमचा अहवाल होता, तेच पान उघडलेलं. ते उभे राहिले आणि म्हणाले, इथं उपाय लिहिलेला आहे, आम्ही करू. ते लिहून घेतलं गेलं आणि पुढं परवानगीच्या अटींमध्ये आलं. पाणी शुद्ध करायची व्यवस्था, उन्हाळ्यात तळ्यात सोडणं, काठावर नळ. इतक्या सरळ शब्दांत लिहिलेली अट मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. अक्का मालव्वाजवळ गेल्या. मालव्वानं कनवटीची सुपारी काढून अर्धी दिली, अक्कांनी ती तोंडात टाकली.

त्यानंतर अक्का निवृत्त झाल्या. धारवाडला भाच्याकडं कायमचं जायचं त्यांनी ठरवलं. दरम्यान खाणीतले बदल पुरे झाले. दुसरी गिरणी सुरू झाली, बंधारा उंच झाला, आणि उन्हाळा लागताच तळ्यात पाणी सोडणार असा निरोप आला. अट पाळली जाते का हे बघायला मला जायचंच होतं. अक्कांना फोन केला तर म्हणाल्या, "मीही येते. भाच्याला तिकडंच गाडी घेऊन बोलावते. तिथनंच पुढं जाईन."

आम्ही पोचलो तेव्हा तळं निम्म्यावर उतरलेलं होतं आणि अख्खं गाव काठावर होतं. जुना पाइप जाऊन तिथं सिमेंटचा नवा हौद आणि त्याला झडप. काठावर नळ, नळाखाली पोरांची झुंबड. खाणीच्या माणसानं झडप फिरवली. आधी नुसती हवा आली, घुसमटल्यासारखा आवाज झाला आणि मग पाणी आलं. नितळ, काचेसारखं. मी सवयीनं बाटली पुढं केली. माझ्या बाटलीकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

बायकांनी नव्या हौदाला हळदीकुंकू लावलं, खण ठेवला, नारळ ठेवला. मग मालव्वा सूप घेऊन वळली ती थेट अक्कांसमोर आली. सुपात तांदूळ, हळकुंड, खोबऱ्याची वाटी आणि हिरवा खण. अक्का दोन पावलं मागं सरल्या. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. हळदीकुंकवाला त्या कुठं जात नसत आणि त्याबद्दल कधी बोलतही नसत.

"मला नाही चालत मालव्वा," त्या हळूच म्हणाल्या. "माझे मालक नाहीत."

"गंगव्वाचा नवरा कुणी बगितलाय?" मालव्वा म्हणाली. "तिची भरतोच की आमी. धर पदर."

अक्कांनी पदर पसरला. मालव्वानं ओंजळीओंजळीनं तांदूळ घातले, खण ठेवला, आणि कपाळाला कुंकू टेकवलं तेव्हा अक्कांनी डोळे मिटून घेतले. मी तळ्याकडं तोंड करून उभा राहिलो. खरं सांगायचं तर मलाही रडू आलं होतं.

थोड्या वेळानं भाचा गाडी घेऊन आला. मी अक्कांची पिशवी मागं ठेवली आणि दार धरून उभा राहिलो. त्या आत बसल्या. ओटी सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी पदर गच्च धरलेला होता, त्यामुळं निरोपाला हात काही हलवता आला नाही. गाडी बांधावरून वळेपर्यंत त्या काचेतून मागं बघत नुसती मान हलवत राहिल्या.